पिवळ्या पिनेचा वाद

घरातली जुनी वस्तू ठेवायची की काढायची, या वादात कोण कुठल्या बाजूला उभं राहणार हे बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. सोलापुरातल्या एका घरी दिवाळीच्या सुट्टीत जो वाद रंगला, त्यात मात्र बाजू बदललेल्या होत्या. आजींचा एकवीस इंची, मागून फुगलेला टीव्ही ठेवायचाच, असं म्हणणारी होती पुण्यात नोकरी करणारी नात. आणि तो भंगारात काढा म्हणणारे होते तिचे मामा, म्हणजे आजींचे थोरले चिरंजीव, ज्यांचं अर्धं आयुष्य अशाच टीव्हींच्या पोटात सोल्डरिंगची कांडी घालण्यात गेलं.

निमित्त साधं होतं. आजी संध्याकाळी हरिपाठाला जातात आणि नेमक्या त्याच वेळी सह्याद्री वाहिनीच्या बातम्या लागतात. परत येईपर्यंत त्या संपलेल्या असतात. बातम्या मोबाईलवर बघायला त्या तयार नाहीत. एवढ्याशा चौकोनात माणसं ओळखू येत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा भाचीनं सुचवलं की टीव्हीला रेकॉर्डिंगचा डबा जोडू. आजी देवळात असताना बातम्या आपोआप नोंदल्या जातील आणि जेवल्यावर त्यांना त्या सावकाश बघता येतील.

“या टीव्हीला?” मामा म्हणाले. “अगं, याच्यावर आणखी पैसे घालतात का? चोवीस इंची एलईडी आण. त्यालाच पेनड्राइव्ह लागतो.”

“हा चालतोय ना पण?”

“चालतोय म्हणूनच सांगतो. बंद पडल्यावर घ्यायला माणूस मिळत नाही.”

मामांचं बोलणं विक्रेत्याचं नव्हतं. दुकान त्यांनी केव्हाच मुलाच्या हवाली केलंय आणि तिथं आता मोबाईलचे डिस्प्ले बदलतात. त्यांचा मुद्दा सुट्या भागांचा होता. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत दोन गोष्टी गेल्या की खेळ आटोपला: एक ती ट्यूब आणि दुसरं ईएचटी, म्हणजे ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर. देशात ट्यूब बनवणारे कारखाने बंद पडले आणि नवी ट्यूब बाजारात मिळेनाशी झाली. ईएचटी अजून कुठे कुठे मिळतं, पण हव्या त्या नंबरचं मिळेल याची खात्री नाही. शिवाय वीज. असा टीव्ही चालू असताना साधारण ऐंशी वॅट खातो. त्याच आकाराच्या एलईडीला याच्या निम्मीही लागत नाही. आणि काचेत शिसं असतं, म्हणून तो फुटल्यावर कचराकुंडीत टाकण्याजोगाही नाही.

“मग न टाकणंच बरं नाही का?” भाचीनं विचारलं. शिशाचा मुद्दा तिनं मामांच्या हातातून अलगद काढून घेतला होता.

तिची बाजू तशी भावनेची नव्हती. आजी जे पाहतात ते सगळं साध्या प्रतीचं प्रक्षेपण. आपल्याकडच्या पाल पद्धतीत पडद्यावर ६२५ रेषा असतात, त्यांतल्या ५७६ चित्राच्या. आजींचा टीव्ही नेमका तेवढ्यासाठीच घडवलेला आहे. तेच चित्र मोठ्या एलईडीवर घेतलं की यंत्राला ते ओढूनताणून १०८० रेषांवर बसवावं लागतं आणि निवेदकाचा चेहरा मेणासारखा दिसायला लागतो. जुन्या वाहिनीला जुनाच पडदा खुलतो, हे तिचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. मामांनीही ते नाकारलं नाही. “चित्राबद्दल मी कुठं बोलतोय?” एवढंच ते म्हणाले.

रेकॉर्डिंगच्या सोयीबद्दल तर दोघांत मतभेद नव्हताच. मामांनी व्हीसीआरचा काळ दुकानात बसून पाहिला होता. रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं, १९८७–८८चं साल, आणि लग्नाला जाणारी मंडळी आदल्या दिवशी दुकानात येऊन टायमर कसा लावायचा ते विचारायची. तीन तासांची कॅसेट, एक चॅनेल, एक टायमर. तेव्हा व्हीसीआर टीव्हीला जोडायचा तो अँटेनाच्या भोकातून. मशीनमधला मॉड्युलेटर चित्राचं एक खोटं चॅनेल तयार करायचा आणि टीव्ही त्या चॅनेलवर ट्यून करावा लागायचा.

हार्ड डिस्कवर नोंदणारे रेकॉर्डर अमेरिकेत १९९९मध्ये आले, टिवो आणि रिप्ले टीव्ही या नावांनी. चालू कार्यक्रम थांबवून ठेवता येतो, ही कल्पनाच लोकांना नवी होती. रिप्ले टीव्हीनं पुढे जाहिराती आपोआप गाळायची सोय दिली, तेव्हा मोठ्या स्टुडिओंनी तिला कोर्टात खेचलं आणि २००३मध्ये तिच्या मालक कंपनीचं दिवाळं निघालं. त्याआधीचा मोठा खटला बीटामॅक्सचा. युनिव्हर्सल आणि डिस्ने विरुद्ध सोनी. घरी बसून कार्यक्रम नोंदवणं आणि नंतर पाहणं ही चोरी नव्हे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी १९८४मध्ये दिला. पाच न्यायाधीश बाजूनं, चार विरोधात. एक मत इकडचं तिकडं झालं असतं तर टायमर नावाचं बटण जगातल्या कितीतरी रिमोटवर आलंच नसतं.

भाचीला या इतिहासातलं दुसरंच उदाहरण आवडतं. फिलाडेल्फियात मॅरियन स्टोक्स नावाच्या बाई होत्या. १९७९पासून २०१२पर्यंत, मृत्यू येईतो, त्यांनी घरात एकाच वेळी अनेक व्हीसीआर लावून टीव्हीवरच्या बातम्या नोंदवल्या. मागे उरल्या सत्तर हजारांच्या आसपास कॅसेटी. लोक त्यांना विक्षिप्त समजायचे. पण बातम्यांचं रोजचं प्रक्षेपण सलग जपून ठेवावं, असं त्या काळी वाहिन्यांनाही फारसं वाटत नव्हतं. त्यामुळं आज तो साठा अभ्यासकांच्या उपयोगाचा ठरला आहे.

“आपली आई तसलं काही करणार नाहीये,” मामा म्हणाले. “ती बातम्या बघणार आणि झोपणार. तुला डबा कुठला आणायचाय ते सांग.”

इथून वादाला खरा रंग चढला, कारण डब्याच्या निवडीत मामांचा अनुभव आणि भाचीचा उत्साह समोरासमोर आले.

आपल्याकडे रेकॉर्डिंगचे डबे दोन जातींचे. एक महिन्याचे पैसे भरायच्या डीटीएच सेवांचे. टाटा स्कायनं २००८मध्ये ‘प्लस’ नावाचा असा डबा आणला, मग इतरांनीही आणले. त्यांत दोन ट्यूनर असतात, म्हणजे एक वाहिनी बघता बघता दुसरी नोंदता येते. ऐकायला छान. पण दोन ट्यूनरना छत्रीपासून दोन स्वतंत्र वायरी लागतात. कारण छत्रीवरच्या एलएनबीला, म्हणजे लहरी पकडणाऱ्या भागाला, डबा वायरीतूनच हुकूम देतो: १३ व्होल्ट पाठवले तर उभ्या लहरींच्या वाहिन्या, १८ पाठवले तर आडव्या. एका वायरीत एका वेळी एकच हुकूम जातो. दुसऱ्या ट्यूनरला दुसरं काही हवं असेल तर दुसरी वायर टाकावी लागते, आणि ती गच्चीतून, जिन्यातून, शेजाऱ्याच्या खिडकीवरून येते. मामांनी अशा वायरींपायी सोसायट्यांतल्या बैठका रंगलेल्या पाहिल्यात.

“वायर टाकू हो मामा. त्यात काय?”

“वायर टाकशील. कुलुपाचं काय करशील?”

कुलूप म्हणजे हे. पैसे भरायच्या सेवेच्या डब्यात नोंदलेला कार्यक्रम सांकेतिक रूपात साठतो, त्या डब्याच्या आणि त्या कार्डाच्या नावानं. डिस्क काढून संगणकाला लावली तर त्यात काहीच दिसत नाही. डबा बिघडला, बदलून आला, की जुनं सगळं गेलं. पुष्कळदा पॅक संपला तरी स्वतः नोंदवलेलंही उघडत नाही. मामांच्या एका गिऱ्हाइकानं वडिलांची मुलाखत अशीच डब्यात जपून ठेवली होती. वडील वारले, वर्षभरानं डबा जळला. कंपनीचा माणूस आला आणि तत्परतेनं नवा डबा देऊन जुना घेऊन गेला. त्या मुलानं पुढे दोनदा दुकानात येऊन विचारलं, काही होईल का? काही होण्यासारखं नव्हतं.

“पण कायदा आपल्या बाजूनं आहे,” भाची म्हणाली. तिनं वाचलेलं चूक नव्हतं. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३९ सांगतं की स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग करणं हा हक्कभंग नाही.

“बरोबर. आणि कुलूप तोडलं तर?”

त्याचंही उत्तर कायद्यातच आहे आणि ते भाचीच्या सोयीचं नाही. २०१२च्या दुरुस्तीत कलम ६५-अ आलं: हक्कभंगाच्या हेतूनं तांत्रिक कुलूप तोडणं हा गुन्हा. म्हणजे नोंदवायचा हक्क तुमचा, पण नोंद ज्या पेटीत पडते तिची किल्ली दुसऱ्याकडे. खासगी वापरासाठी तोडलं तर काय, यावर वकील वाद घालतील. पण टीव्ही दुरुस्त करणाऱ्या माणसाकडे ते कुलूप उघडायचं साधनच नसतं, त्यामुळं त्याच्यापुरता तो प्रश्न मिटलेला असतो.

प्रस्तुत लेखकाला हा या सगळ्या प्रकरणातला कळीचा भाग वाटतो. जुन्या टीव्हीला रेकॉर्डर जोडायचा म्हटलं की सगळ्यांची नजर टीव्हीकडे जाते: चालेल का, जुळेल का, झेपेल का. टीव्ही बिचारा काहीच मागत नाही. चित्राची एक वायर आणि आवाजाची एक, एवढ्यावर तो व्हीसीआरशी जुळला, सीडी प्लेअरशी जुळला, केबलच्या डब्याशी जुळला. अटी घालतो तो नवा डबा.

दुसरी जात फुकट छत्रीची. दूरदर्शननं डिसेंबर २००४मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ सुरू केलं, तेच आजचं ‘डीडी फ्री डिश’. महिन्याला काही भरावं लागत नाही. सह्याद्री त्यात आहेच, शिवाय लिलावात जागा घेतलेल्या खासगी वाहिन्याही येतात-जातात. ही सेवा ज्या जीसॅट-१५ उपग्रहावरून येते तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे; सोलापुरातून छत्री आग्नेयेला तोंड करून बरीच वर उचलावी लागते. यावरच्या बहुतेक वाहिन्या कुलुपाविना येतात. त्यामुळं बाजारातला यूएसबीचं भोक असलेला साधा डबा घेतला की तो कार्यक्रम पेनड्राइव्हवर सरळ उतरवतो, आणि तो पेनड्राइव्ह संगणकाला लावला तरी चालतो. ट्यूनर एकच, म्हणजे नोंद चालू असताना दुसरी वाहिनी बघायची सोय जवळजवळ नाही. पण आजी त्या वेळी देवळात असणार. दुसरी वाहिनी बघणार कोण?

इथं मामा पहिल्यांदा गप्प झाले. मग म्हणाले, “हे बरंय.” त्यांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे पुष्कळ.

डबा आला. भाचीनं एचडीचा घेतला होता, कारण फ्री डिशवर आता काही वाहिन्या एमपीईजी-४ या नव्या पद्धतीनं येतात आणि स्वस्तातले जुने एमपीईजी-२ डबे त्या दाखवत नाहीत. डब्याला मागे एचडीएमआय होतं, जे आजींच्या टीव्हीला नाही. बाजूला कानात घालायच्या इअरफोनसारखं एक बारीक भोक होतं, त्यावर ‘एव्ही’ लिहिलेलं. टीव्हीच्या कुशीत पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन भोकं. पिवळ्यात चित्र, पांढऱ्यात डावा आवाज, लालमध्ये उजवा. हे इतकं सरळ असताना भाचीनं कपाटातून जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याची वायर काढली, तीही अशीच: एका टोकाला बारीक जॅक, दुसऱ्या टोकाला तीन रंगांच्या पिना. लावली. टीव्हीतून घूंऽऽ असा आवाज आणि पडद्यावर काळोख.

“टीव्ही गेला?” आजींनी विचारलं.

“टीव्ही कुठं जातोय,” मामा म्हणाले. “पिवळी काढ, लालमधली पिवळ्यात घाल.”

“लाल? चित्राच्या भोकात?”

“घाल तर.”

घातली, आणि चित्र आलं. कारण त्या बारीक जॅकवर चार कडी असतात आणि कुठल्या कड्यात काय ठेवायचं याबाबत कंपन्यांमध्ये एकमत नाही. कॅमेऱ्याच्या वायरीत चित्राचं कडं एक, डब्यात दुसरं. त्यामुळं चित्र लाल पिनेतून बाहेर पडत होतं आणि आवाज पिवळीतून. अर्थात ही युक्ती नेहमी चालत नाही. कधी जमिनीचं, म्हणजे अर्थचं, कडंही वेगळ्या जागी असतं. मग पिनांची कितीही अदलाबदल करा, फक्त गुणगुण ऐकू येते. त्यावर उपाय एकच: डब्याबरोबर आलेलीच वायर वापरायची. ती वायर डब्याच्या खोक्यातच, पुठ्ठ्याखाली होती, हे नंतर सापडलं.

चित्र आलं खरं, पण काळंपांढरं, आणि वर सरकणारं. याला मामांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “सेटिंगमध्ये एनटीएससी असेल, पाल कर.” अमेरिकेची रंगपद्धत एनटीएससी, आपली पाल, १९८२च्या आशियाई खेळांच्या वेळी आपल्याकडे रंग आला तो पाल पद्धतीनं. कारखान्यातून आलेला डबा कधी कधी परक्या सेटिंगवर असतो. बदललं, आणि निवेदिकेची साडी हिरवी झाली.

ज्यांच्या टीव्हीला ही तीन भोकंच नाहीत, फक्त अँटेनाचं आहे, त्यांच्यासाठी बाहेरून लावायचा मॉड्युलेटर मिळतो. तो व्हीसीआरच्याच जुन्या युक्तीनं चालतो. आणि ज्यांच्या डब्याला फक्त एचडीएमआय आहे, त्यांना मधे एक छोटी डबी लागते. ती घेताना दिशा बघायची: एचडीएमआयकडून एव्हीकडे जाणारी हवी. दुकानात दोन्ही दिशांच्या डब्या एकसारख्याच दिसतात, नावातले शब्द फक्त मागेपुढे असतात, आणि निम्मे लोक उलटी घेऊन येतात. मामांच्या मुलाच्या दुकानात परत आलेल्या डब्यांचं एक खोकंच आहे.

मग आकाराचा प्रश्न. आजकालचं प्रक्षेपण सोळाला नऊ या रुंद मापाचं आणि आजींचा पडदा चाराला तीन. डबा तीन पर्याय देतो. पहिला, चित्र उभं ताणायचं. सगळी माणसं बारीक आणि लांबुडकी. दुसरा, वर-खाली काळ्या पट्ट्या. आजींच्या पडद्याची दिसणारी उंची सुमारे ३० सेंटिमीटर. पट्ट्यांत त्यातले साडेसात जातात. तिसरा, चित्र पूर्ण उंचीला ठेवायचं आणि दोन्ही बाजूंनी आठवा-आठवा हिस्सा कापायचा.

भाचीला पट्ट्या हव्या होत्या. “दिग्दर्शकानं जे दाखवलंय ते पूर्ण दिसायला हवं.”

“बातम्यांना कुठला दिग्दर्शक?” मामा म्हणाले. “आईला चेहरा मोठा दिसू दे.”

चेहरा मोठा केला, तेव्हा खालच्या पट्टीवरच्या बातमीची सुरुवातीची आणि शेवटची अक्षरं कापली गेली. एका ओळीत कुठला तरी जिल्हाच नाहीसा झाला. त्यात ट्यूबचे टीव्ही मुळातच चित्राची कड चौकटीआड थोडी लपवतात, म्हणून आणखी थोडं गेलं. शेवटी आजींना विचारलं. त्यांनी पट्ट्या पसंत केल्या, पण कारण भलतंच दिलं: पूर्वी सिनेमा लागायचा तेव्हा अशाच पट्ट्या असायच्या, म्हणजे काहीतरी चांगलं लागलंय असं वाटतं.

डब्याच्या मेनूतली अक्षरं मात्र कुठल्याच पर्यायात धड वाचता येईनात. मोठ्या पडद्यासाठी केलेली बारीक अक्षरं ५७६ रेषांत मावत नाहीत. कानामात्रा वितळून जातात. हा मामांच्या बाजूचा मुद्दा आणि तो भक्कम आहे. सेटिंग एकदा करून देईल भाची, पण ती पुण्याला गेल्यावर काही बिघडलं, तर आजींनी ते वाचायचं कसं? यावर भाचीकडे उत्तर नव्हतं. तिनं मेनूतल्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून कागद टीव्हीला चिकटवला. उत्तर म्हणून हे लंगडं आहे, पण कुठल्याही घरातल्या यंत्राला शेवटी असा एक कागद चिकटलेला असतोच.

या खटाटोपात एक छोटी गोष्ट घडली. टीव्ही लावला की भाचीला एक बारीक शिट्टी ऐकू यायची. मामांना नाही, आजींना तर नाहीच. पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं, प्रत्येकात ६२५ रेषा, म्हणजे सेकंदाला १५,६२५ रेषा. ईएचटी त्याच कंपनानं किंचित थरथरतं. तरुण कानाला ते ऐकू येतं, वय वाढलं की जातं. पूर्वी दुकानात मामा हाताखालच्या पोराला विचारायचे, “वाजतंय का रे?” वाजत असेल तर ईएचटीपर्यंत सगळं ठीक. परीक्षेचं असं यंत्र आता भाचीच्या कानात होतं, आणि मामांनी तिला आवाज एकसारखा आहे की मधेच तुटतो, हे दोनदा विचारून घेतलं. एकसारखा होता.

टायमर लावला. दुसऱ्या दिवशी पेनड्राइव्हवर बातम्या नव्हत्याच. होता त्याच वाहिनीवरचा भर दुपारचा एक कार्यक्रम. कारण उपग्रहावरून डब्याला मिळणारी वेळ ग्रिनिचची असते. आपले साडेपाच तास डब्याला सांगावे लागतात. डबा कारखान्यातून निघताना चीनच्या वेळेवर, म्हणजे आठ तास पुढे होता. त्याच्या लेखी बातम्यांची वेळ अडीच तास आधीच होऊन गेली होती. हे दुरुस्त झालं, तर तिसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह कोराच निघाला. आजी देवळात जाताना भिंतीवरचं बटण बंद करून गेल्या होत्या. चाळीस वर्षं त्या तेच करत आल्यात. टीव्ही लाल दिव्यावर सोडून घराबाहेर पडायचं त्यांच्या मनाला पटत नाही. आगीची भीती आणि वीजबिलाची.

“बिल किती येतं ते सांग तिला,” मामा म्हणाले, आणि त्यांचा सूर आता विरोधकाचा राहिला नव्हता. हिशेब झाला. हार्ड डिस्कवाला मोठा डबा बंद दिसत असतानाही पंधरा वॅट ओढत असला तर महिन्याला अकराएक युनिट होतात. हा छोटा डबा त्याहून खूप कमी. तरी आजींनी अट घातली: टीव्हीचं बटण बंदच राहील, फक्त डब्याचं चालू. म्हणून मामांनी डब्यासाठी वेगळा प्लग काढून दिला आणि त्याच्या बटणावर चिकटपट्टी लावली. डबा टीव्हीच्या डोक्यावर, क्रोशाच्या रुमालावर ठेवला होता, तो त्यांनी खाली फळीवर उतरवला. ट्यूबचा टीव्ही वरच्या झरोक्यांतून गरम हवा सोडतो आणि डब्याला ती मानवत नाही.

पेनड्राइव्हचं गणित भाचीनं केलं. सह्याद्रीसारख्या वाहिनीचा प्रवाह सेकंदाला तीन मेगाबिट धरला तर तासाला १.३५ जीबी; ३२ जीबीत साधारण २३ तास, म्हणजे अर्ध्या तासाच्या सेहेचाळीस-सत्तेचाळीस बातम्या. जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळं लांबलचक कार्यक्रमाचे तुकडे पडतात. बातम्यांना ती अडचण नाही. पेनड्राइव्हऐवजी हार्ड डिस्क लावावी असं तिच्या मनात होतं. मामांनी अडवलं. छोट्या डब्याचं यूएसबी अर्धा अँपियरच देतं, डिस्कची चकती फिरायला लागताना त्याहून जास्त खेचते, आणि डबा मधेच बंद होऊन पुन्हा सुरू होत राहतो.

चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर आजींनी आदल्या संध्याकाळच्या बातम्या पाहिल्या. जाहिराती आल्या तेव्हा भाचीनं रिमोट उचलला. आजींनी तो काढून घेतला. जाहिरातीच्या वेळात दूध तापवून होतं, ती गाळायची नाही.

“आता पटलं?” भाचीनं मामांना विचारलं.

“रेकॉर्डिंगचं पटलं. टीव्हीचं नाही. उद्या दूरदर्शननं सगळ्याच वाहिन्या आणखी नव्या पद्धतीनं द्यायच्या ठरवल्या, की तुझा हा डबा गेला.”

“डबा ना? टीव्ही नाही.”

“ईएचटी राहिलं तर.”

“तुमच्या माळ्यावर या मॉडेलची किती आहेत?”

“दोन,” मामा म्हणाले. “पण त्यातलं एक चालतं की नाही, ते तपासायचं राहिलंय.”